करवलीच्या डोळ्यातला शेंदूर

तो डोळा तुम्ही रंगवलात, साहेब. ब्रश तुमच्या हातात होता. त्या रंगाने विठाचा जीव घेतला, आणि तिच्या मरणाचं बिल तुम्ही माझ्या भावाच्या गळ्यात बांधलंत. तुमचं नाव मी लिहीत नाही. घाबरून नाही. मोरिवलीपासून बदलापूरपर्यंत ज्याला कळायचं त्याला पहिल्या ओळीतच कळलंय. ज्याला कळलं नाही त्याला सुरुवातीपासून सांगतो.

मी जयदेव, मोरिवलीचा आगरी. कंपनीचं यार्ड आज जिथे आहे तिथे आमची भाताची खाचरं होती. जमीन गेली, बदल्यात घरटी एक नोकरी आली. ती मला मिळाली, यार्डात फिटरची. धाकटा भाऊ कल्पेश पुढे त्याच यार्डात ड्रायव्हर लागला. आणि तुम्ही आमच्या गाड्यांचे सगळ्यात मोठे साहेब.

एका ट्रकमागे दोन ट्रेलर पळवायची परवानगी कंपनीने आणली, चाचणीपुरती, अंबरनाथचं यार्ड ते बदलापूरकडचं गोदाम. आता पहिल्या ट्रेलरच्या पाठीला दुसरा ट्रेलर नुसता बांधता येत नाही. मध्ये एक बुटकी गाडी लागते. तिला स्वतःची चाकं, वर मागचा ट्रेलर टेकवायला तबकडी, पुढे लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला जाड लोखंडी कडं. ते कडं पुढच्या ट्रेलरच्या हुकात अडकवायचं आणि हुकाची कडी लावायची. कंपनीच्या भाषेत ती कन्व्हर्टर डॉली. आमच्या पोरांनी डॉलीची डोली केली, डोलीवरून नवरी आली, आणि नवरीच्या पाठीशी उभी राहते ती करवली. म्हणून यार्डात तिचं नाव पडलं करवली. त्या कड्याला आम्ही डोळा म्हणायचो. मागचा सगळा भार त्या एका डोळ्यावर.

विकत घ्यायला करवल्या दोन बघितल्या होत्या. एकीचा डोळा बोल्टने बसवलेला. झिजला तर काढा, दुसरा बसवा, गाडी पुन्हा रस्त्यावर. दुसरीचा डोळा दांड्याला वेल्ड केलेला. तो बिघडला की दांडा कापायचा आणि करवलीला माहेरी, म्हणजे बनवणाऱ्या कारखान्यात, पाठवायची. यार्डातल्या सगळ्यांनी पहिली मागितली. तुम्हालाही तीच आवडली होती, हे मी खोटं कशाला बोलू. पण ती दिवाळीनंतर मिळणार होती आणि दुसरी तयार उभी होती. तुम्हाला दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं होतं, पाहुणे बोलावून, हिरवा झेंडा दाखवून. तुम्ही दुसरी घेतलीत. तुम्ही करवली निवडली नाहीत साहेब, तुम्ही मुहूर्त निवडलात.

तुम्ही अडाणी असता तर मी हे लिहिलंच नसतं. डोळा कसा सांभाळायचा ते आम्हाला तुम्हीच शिकवलंत. रॉकेल फासायचं, कोरडं पुसायचं, वर खडू घासायचा. लोखंडाला भेग असेल तर आत राहिलेलं रॉकेल पांढऱ्या खडूवर काळी रेघ होऊन वर येतं. आणि शेवटी तुम्ही म्हणाला होतात, "गाडी सगळी रंगवा. डोळा नागडा ठेवा. रंगाखाली भेग लपते." हे वाक्य पोरांना इतकं आवडलं की जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना तेच ऐकवायचे. कुणी केस काळे करून आला की म्हणायचे, बघ, रंगाखाली काय लपलंय.

गेल्या वर्षी गणपतीनंतर करवली भरलेला ट्रेलर लावून यार्डातल्या यार्डात फिरवली. खंडेनवमीच्या सकाळी मी खडू घासला आणि रेघ आली. डोळ्याच्या मुळाशी, केसाएवढी. मी तुम्हाला बोलावलं. तुम्ही वाकलात, नख फिरवलंत, चष्मा वर केलात. तुम्हाला दिसली. तुमचा चेहरा मी बघत होतो. मग म्हणालात, वेल्डिंगची खूण असेल, कार्यक्रम झाला की बघू.

दुपारी यार्डात रंगारी लागले होते. सणासाठी सगळं लोखंड नवं करायचं होतं. फोटोवाला म्हणाला, साहेब, पहिला हात तुमचा असू द्या. तुम्ही ब्रश शेंदरी रंगात बुडवलात आणि बाकीची गाडी सोडून थेट डोळ्यापाशी गेलात. चांगला भरपूर रंग फासलात. मी म्हटलं, साहेब, डोळा आहे तो. तुम्ही मागे वळूनही बघितलं नाहीत. "जयदेव, सणाला लोखंडसुद्धा नटतं." सगळे हसले. तो फोटो तुम्हीच ग्रुपवर टाकलात. अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे.

दसऱ्याला सकाळी कल्पेश गाडी घेऊन निघाला. कडी त्याने लावली, ती ओढून बघितली, खाली साखळ्या अडकवल्या. मी शेजारी उभा होतो. हार घातलेला ट्रक, मागे ट्रेलर, करवली, पुन्हा ट्रेलर, आणि तुमचा झेंडा. बदलापूरच्या अलीकडच्या उतारावर डोळा मुळाशी तुटला. तेवढ्या भाराला साखळ्या पुरल्या नाहीत. हवेची नळी तुटली तसे मागच्या ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागले, पण उतारावर भरलेला ट्रेलर थांबतो कुठे. तो आडवा घसरत कडेला गेला.

कडेला विठा बसली होती. डोंगराकडच्या पाड्यावरची. दर दसऱ्याला त्याच वळणावर बसायची, पुढ्यात झेंडू, आपट्याची पानं, भाताच्या लोंब्यांच्या जुड्या. आमच्या घराच्या दाराला तिच्याच लोंब्या असायच्या.

कल्पेश पळाला नाही. ट्रक उभा करून मागे धावला आणि झेंडूच्या ढिगातून तिला हाताने काढत बसला. लोकांनी त्याला तिथेच बेदम चोपला. तोपर्यंत तुम्ही पाहुण्यांसोबत गाडीतून आलात. पोलीस यायच्या आत हुकाची कडी उघडी झालेली होती, आणि हुकात अडकून राहिलेला डोळा खाली बांधापाशी जाऊन पडला होता. कडी कुणी उघडली ते मी बघितलं नाही, म्हणून लिहीत नाही. जबाबात तुम्ही सांगितलंत, ड्रायव्हरने कडी लावलीच नव्हती, म्हणून करवली सुटली. डोळा त्यानंतर दगडी बांधावर आपटून तुटला, असंही तुम्हीच सांगितलंत. मी कडीचं सांगितलं, भेगेचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, भाऊच आहे तो, भावासारखंच बोलणार.

कल्पेशवर निष्काळजीपणाने जीव घेतल्याची केस पडली. लायसन्स गेलं. आमच्यात लग्न असलं की नवऱ्याची गाडी कल्पेशनेच चालवायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. त्या हंगामात कुणी बोलावलं नाही. एका हळदीला तो आपणहून गेला, तर नवऱ्या मुलाचा मामा हसत हसत म्हणाला, कल्पेश, तू जेव पोटभर, गाडीचं आमी बघू. तो न जेवता परत आला.

एका संध्याकाळी ओटीवर बसून तो मला म्हणाला, "दादूस, कडी मी लावली होती ना रे? तू बगितलास ना?"

लावली होतीस, मी म्हटलं. पण त्याला ते पोचलं नाही. तुम्ही खोटं इतक्यांदा बोललात की त्याचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा गेला. केस, लायसन्स, मार, ते सगळं एका बाजूला साहेब. माझ्या भावाकडून तुम्ही त्याचे हात काढून घेतलेत. त्या दिवसापासून मी तुमचं वाईट चिंतायला लागलो.

नुसतं चिंतून थांबणार नव्हतो. तुमच्या गाडीची चाकं यार्डातच बदलली जातात, नट माझ्याच पान्याने आवळले जातात. एक दिवस ते मी घरात बोललो. माझी बायको उन्नती तांदूळ निवडत होती. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "नट सैल कराल त तो मरंल. मेलेला मानूस जबाब देत नाय. तुमाला त्याचा मुडदा पायजे का जबाब पायजे?"

मी पाना ठेवून दिला आणि डोळा शोधायला लागलो.

पंचनामा आणि फोटो झाल्यावर पोलिसांनी करवली तुटल्या डोळ्यासकट कंपनीला परत केली होती, आणि तुम्ही ती घाईने भंगारात काढलीत. अंबरनाथचं भंगार उल्हासनगरला जातं, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. मी सुट्टीच्या दिवशी गल्ल्या धुंडाळत फिरायचो. शेवटी गोपशेठच्या दुकानात पोचलो. त्यांनी करवली कापून केव्हाच विकली होती. मी निघालो, तर दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली जे जड लोखंड लावलेलं होतं त्याला ठेच लागली. शेंदरी कडं. दांड्याच्या बाजूने तुटलेलं.

गोपशेठ म्हणाले, साईं, असलं घट्ट लोखंड वितळवायला जीव होईना, म्हणून दाराला ठेवलं. मी उकिडवा बसून त्यावर हात फिरवत होतो. त्यांनी विचारलं, कोण लागतं तुझं? मी सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः वाकून कडं उचललं आणि माझ्या पिशवीत टाकलं. मी म्हटलं, शेठ, कुठून मिळालं ते मला सांगावं लागेल. तुमचं नाव येईल.

"आने दो," ते म्हणाले. "सांग, गोपच्या दुकानातून आणलं. अरे, आम्ही भंगारवाले, लोक आम्हाला चोर समजतात. एकदा साक्षीदार पण समजू दे."

घरी आणून ते कडं पाटावर ठेवलं. तुटलेला भाग नीट बघितला. अर्ध्याहून जास्त ठिकाणी लोखंड तुटल्यावर दिसतं तसं खरखरीत, गंज धरलेलं. पण मुळाशी, जिथे मला खडूवर रेघ दिसली होती, तिथे आतपर्यंत शेंदरी पट्टी उतरलेली. उन्नतीने बोट लावून बघितलं. ती म्हणाली, भांगात कुंकू उतरतं तसा उतरलाय.

साहेब, तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. डोळा जर बांधावर आपटून तुटला असता, तर रंग फक्त वरून असता. आतला भाग कोरा असता. रंग आत गेला, म्हणजे रंगवताना भेग उघडी होती. भेग लपवायला तुम्ही जो रंग फासलात, तोच भेगेत शिरून बसला आणि सुकून साक्षीला उभा राहिला.

उन्नती म्हणाली, आता खंडेनवमीपर्यंत गप्प राहा.

या वर्षीची खंडेनवमी तुम्हाला आठवत असेल. यार्डात चौरंग, त्यावर लाल कापड, प्रत्येकाने आपापलं हत्यार आणून मांडलेलं. पाने, जॅक, हातोड्या. बायका-पोरं आलेली. मी पान्यांच्या मध्ये डोळा मांडला, तुटलेली बाजू वर, भोवती झेंडूची फुलं. दिनानाथ गुरुजी मंत्र म्हणत होते, आणि यजमान तुम्ही. मोबाईल हातात धरून सगळे फोटो काढत होते, तुम्हाला सवयच आहे. हत्यारांना हळद लावत, कुंकू लावत तुम्ही सरकत होता. बघून कोण कुंकू लावतं? तुमचं बोट डोळ्याच्या तुटल्या जागी टेकलं आणि तिथेच राहिलं.

तुम्ही ओळखलात. गेल्या वर्षी भेग ओळखली होती तशीच.

हळू आवाजात मला म्हणालात, हे इथून काढ. मी हात मागे बांधले. मग गुरुजींना म्हणालात. गुरुजींना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं, ते आपलं शास्त्र सांगत होते. "साहेब, पूजेत मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवत नाहीत. अपशकुन होतो." कुणीतरी मागून फिसकन हसलं. पोरं पुढे सरकून वाकून बघायला लागली, आणि ज्याला ज्याला शेंदरी पट्टी दिसली तो तो तुमच्याकडे बघायला लागला. त्या सगळ्यांना डोळा तुम्हीच शिकवला होतात.

उन्नती बायकांतून उठून पुढे आली. तिने पदर खोचला आणि शांतपणे विचारलं, "साहेब, डोला पडल्यावर तुटला ना? मंग शेंदूर आत कसा गेला?"

तुम्ही आरतीचं तबक गुरुजींच्या हातात दिलंत आणि गाडीत जाऊन बसलात. आरती तुमच्याशिवाय झाली. गेटबाहेर कल्पेश उभा होता, त्याला आत यायची बंदी आहे. तुमची गाडी त्याच्यासमोरून गेली. तुम्ही काच वर केलीत.

रात्रभर डोळा चौरंगावर राहिला. तुमच्या माणसांपैकी एकानेही हात लावला नाही. त्यांना तुमची भीती होतीच, अपशकुनाची त्याहून जास्त होती. दसऱ्याला सकाळी आमच्या वकील मालिनीताई पोलिसांना घेऊन आल्या आणि सगळ्यांदेखत डोळा ताब्यात दिला. गोपशेठ जबाबाला उल्हासनगरहून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. कल्पेशने तुटलेल्या जागेचा फोटो बघितला, बराच वेळ बघितला, मग स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मला एवढंच म्हणाला, लावली होती कडी.

तुम्ही मला कामावरून घरी बसवलंत. बसतो. लिहायला वेळ मिळाला. आता माझ्याकडे तुमचे दोन फोटो आहेत. एकात डोळ्यावर तुमचा ब्रश, दुसऱ्यात त्याच डोळ्यावर तुमचं बोट. दोन्ही मी विठाच्या पाड्यावर नेऊन दाखवले. जिथे जिथे तुम्ही हार घालून घ्यायला जाल, तिथे तिथे नेऊन दाखवणार आहे. माफी मागू नका, मला ती नको आहे. भरपाईची भाषाही नको. कल्पेशची तारीख लागेल तेव्हा तुम्हाला पिंजऱ्यात उभं राहून बोलावं लागेल, पण मी तोपर्यंत थांबणार नाही. हे छापून तुमच्या गेटवर लावतोय. यार्डातली पोरं वाचतील, तुमच्या घरची माणसं वाचतील.

माझ्या बायकोने तुम्हाला सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारला होता. तुम्ही काच वर केलीत. मी पुन्हा विचारतो, आणि या वेळी जबाब घेतल्याशिवाय गेटवरून हलत नाही.

साहेब, शेंदूर आत कसा गेला?