टाकीवरचा हात

"मौला, आज बेडकं कुठं गेली रं?" उसाची टिपरी तोडता तोडता धोंडुबाईने विचारले.

मौलाने वळून पाहिले. टाकीचे सांडपाणी ज्या चरात पडे, त्या चराकाठी पौषातल्या थंडीत रोज सकाळी वीस-पंचवीस बेडूक येऊन बसत. अंगात स्वतःची ऊब नसलेला तो जीव. परक्या उबेवर त्याने दिवस काढायचे. पण अक्कल अशी, की पाणी कढत असे तिथे एकही फिरकत नसे. आठ-दहा हातांवर, ते कोमट होई तिथे, आपली रेघ धरून सारे बसत. आज ती रेघ लांबून मोकळी दिसत होती.

"थंडी सरली असंल," तो म्हणाला.

"माझी बोटं कोयत्याला चिकटाय लागल्यात, आनि ह्येची थंडी सरली."

बाया हसल्या. मौला हसला नाही.

साखर कारखान्याच्या बेणेमळ्यात ही टाकी बसून सहा वर्षे झाली होती. उसाला गवताळ वाढीचा रोग जडला की बेटाचे गवत होते, ऊस म्हणून काही हाती येत नाही. हा रोग बेण्यातच दडून येतो. म्हणून लागणीपूर्वी टिपरी जाळीच्या पेटाऱ्यात भरून पन्नास अंशांच्या पाण्यात दोन तास बुडवायची. रोग मरतो, ऊस तगतो. मात्र आच चार-पाच अंशांनी चढली, की कांडीवरचा कोंब फुटायचा डोळा मरतो, आणि वरून कांडी हिरवीच दिसत राहते. देवाने दोहोंमध्ये एवढेच अंतर ठेवले आहे.

आच मोजायला पाऱ्याची नळी होती, पण ती कचेरीच्या कपाटात पडून असे. तिची गरज कुणाला वाटली नव्हती, कारण मौलाचा हात होता. उजवा हात पाण्यात घालून तो सावकाश आकडे मोजी. चारला हात आपोआप निघाला की पाणी बरोबर. तीनलाच निघाला तर भट्टीतले चिपाड ओढायचे, पाचापर्यंत टिकला तर आणखी घालायचे. पुण्याहून आलेल्या साहेबांनी एकदा नळी लावून पडताळा घेतला, तर अर्ध्या अंशाचाही फरक निघाला नाही. तेव्हापासून बेणे न्यावे तर मौलाच्या हातचे, असे पंचक्रोशीत बोलले जाई.

दिवाळीपासून त्याच्या उजव्या हाताची करंगळी बधिर होती. गेल्या पंधरवड्यात विडी बोटांत विझेपर्यंत जळली, ते बायकोला, बिबीजानला, वास आल्यावर त्याला कळले. त्या दिवसापासून तो बाही मनगटाखाली ओढून वावरत होता. आणि या सोमवारपासून पाणी त्याला गारच लागत होते. हात पाचापर्यंत टिके, सहापर्यंत टिके. मौला चिपाड घालीत होता.

तो चराशी गेला. रेघेवर तीन बेडूक उताणे पडले होते, पोटे पांढरी. बाकीचे वेळीच हलले होते. हे तिघे ओळखीच्या जागेवर विसंबून बसून राहिले होते.

परत येऊन त्याने टाकीत हात घातला. चार झाले. सहा झाले. आठ.

धोंडुबाई कोयता टाकून आली आणि तिने त्याचे मनगट धरून हात बाहेर ओढला. तळव्यावर फोड टरारले होते.

"अरं, शिजीवलास की हात."

"दुखत न्हाय, आक्का," तो बोलून गेला.

तिने त्याच्याकडे पाहिले. मनगटावरची तिची बोटे एकेक करून सुटली.

शेतकी साहेब हंबीरराव नळी घेऊन आले. पारा अठ्ठावन्नावर थांबला. मौलाने पेटाऱ्यातले टिपरे उचलून कोयत्याच्या टोकाने डोळा उघडला. आत तांबूस पडले होते. उकडलेल्या कणसासारखा वास आला.

"सोमवारपासनं किती गाड्या गेल्या?" हंबीररावांनी विचारले.

"चार. चार गावांस्नी."

हंबीररावांनी त्याला चिपाडाच्या गंजीआड नेले. माणूस वाईट नव्हता. "चाचा, गेल्या त्या गेल्या. न्हाय उगवलं तर लोक मातीला बोल लावत्यात, पाटाच्या पान्याला लावत्यात. टाकीपतूर कोन येतंय? उद्यापासनं नळी लावू. चैत्रात तुमच्या शहाजादीचं लगीन हाय. मंगळवार पेठेची सोयरीक हाय, साधी न्हवं. हाताचं भाईर पडलं, तर..."

पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्या काळी तो शब्द घराच्या उंबऱ्यात काढीतच नसत. ज्या घरात तो शिरे, त्या घरच्या मुलीला कुणी मागणी घालीत नसे.

मौलाने चराकडे पाहिले. शहाजादीने कालच बांगड्यांचे माप दिले होते.

"मातीला बोल लावत्यात, खरं हाय," तो म्हणाला. "आनि उसाबिगर वरीस काढत्यात. माझ्या हाताव भरवसा ठिवून."

"चाचा, इचार करा."

"केला की."

तो गंजीआडून बाहेर आला. बायांच्या कोयत्यांचा आवाज आधीच थांबला होता.

"तोडू नगा," तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला. "सायेब, चारी गावांस्नी आजच निरोप धाडा. ते बेणं मेलंय, लावू नगा म्हनावं. का मेलं म्हनून कुनी इचारलं, तर मौलाचा हात मेलाय म्हनून सांगा."

भट्टीत चिपाड तेवढे तडतडले.

आठ दिवसांनी टाकीच्या काठाला पाऱ्याची नळी सुतळीने बांधलेली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. रोग थांबेल म्हणाले, गेलेले परत येईल असे म्हणाले नाहीत. मौलाला रिकामी पोती वाळवायचे काम मिळाले. मंगळवार पेठेतून माणूस येणार होता, तो आला नव्हता. तो येणार नाही हे बिबीजान समजून चुकली होती, म्हणून तिने शहाजादीच्या बांगड्यांचे माप पेटीच्या तळाशी ठेवून दिले.

चराकाठी बेडूक परतले होते. नेहमीच्या अंतरावर रेघ धरून बसले होते.

चहाच्या वेळी बाया टाकीच्या पलीकडे जाऊन बसल्या. धोंडुबाई कप घेऊन आली. सहा वर्षे तिने तो त्याच्या हातात दिला होता. आज तिने तो चार हातांवरच्या दगडावर ठेवला, पदर सावरला, क्षणभर घुटमळली आणि मागे फिरली.

मौला उठला आणि त्याने उजव्या हाताने कप उचलला. हाताला काहीच कळेना. ओठांना लावला, तेव्हा समजले, चहा कढत होता.