बारा शब्दांचं लेबल

मी एक जुना लेबल-प्रिंटर आहे. मला पैशांतलं काही कळत नाही, असं या घरात दोनदा बोललं गेलं आहे, दोन्ही वेळा धाकट्याकडून. धाकट्याला पैशांतलं किती कळतं, ते मी तुम्हाला सांगणारच आहे, मित्रांनो. थोडा धीर धरा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखे चारशे भाऊ एका दिवसात तयार झाले. आमच्या पोटात शाई नसते, हे नीट लक्षात ठेवा. आमचा कागद वेगळा असतो. त्याला आतून चटका दिला की तो तेवढ्यापुरता काळा होतो आणि अक्षर उमटतं. ते अक्षर पार्सल पोहोचेपर्यंत टिकावं, एवढंच आमचं काम. पुढे ते पुसट झालं तर आमची त्याबद्दल तक्रार नसते. कायमचं टिकण्याचं वचन आम्ही कोणाला कधी दिलं नाही.

कारखान्यातून मी ताईच्या खोलीत आलो. ताई वह्या बांधते. कागदाच्या घड्या घालायच्या, दाभणाने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचं, पुठ्ठा चढवायचा आणि मग लोखंडी पट्टी धरून सुरीने तिन्ही कडा कापायच्या. तिची आई खिडकीपाशी बसून दोरा ओवून देते. फोटो इंटरनेटवरच्या दुकानात टाकायचे, मागणी आली की पार्सल बांधायचं आणि त्यावर माझं लेबल लावायचं. ताई पहिल्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली होती, "चला, आता पत्ते लिहून बोटं मोडायला नकोत." मला फार बरं वाटलं. इतकं कौतुक मला पुन्हा कोणी केलं नाही.

या घराचा एक नियम होता. घरातल्या वहीत घरातल्या कोणी काही लिहायचं नाही. वही म्हणजे माल. एकदा आईने नव्या कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर आपल्या गोळ्यांच्या वेळा लिहिल्या आणि ती वही विकली गेली. आठवड्याने गिऱ्हाइकाने कळवलं, "वही छान आहे, पण पांढरी गोळी जेवणाआधी की नंतर?" तेव्हापासून निरोप, याद्या, हिशेब, सगळं माझ्या फुकट गेलेल्या लेबलांच्या मागे लिहिलं जाऊ लागलं. शेकडो वह्यांच्या घरात लिहायला वही नाही, अशी ही तऱ्हा.

मग धाकटा आला. ताईचा सख्खा भाऊ, वय चौतीस. नोकरी सुटली म्हणून थोड्या दिवसांसाठी आला आणि दोन वर्षं राहिला. आई त्याला अजून 'बाळ' म्हणते. बाळाने या दोन वर्षांत एक पार्सल बांधलं नाही. टेबलावर दोन्ही पाय ठेवून तो मोबाइलवर एक वर-खाली जाणारी रेघ बघत बसायचा. रेघ वर गेली की हसायचा, खाली आली की घरावर चिडायचा.

एके दिवशी त्याने जाहीर केलं, "ताई, आपल्या दुकानात आपण क्रिप्टो घ्यायला लागलो पाहिजे. सगळं जग घेतंय."

"ते काय असतं?"

"नाणी. पण खरी नाहीत. म्हणजे खरीच, पण दिसत नाहीत."

"आणि ती देऊन मला दोरा मिळेल?"

"तू ना, फार लहान विचार करतेस," तो म्हणाला.

ताईने होकार दिला. तिचा या नाण्यांवर काडीचा विश्वास नव्हता. भाऊ घरात बसून कुढतोय, त्याला काहीतरी आपलं वाटेल असं काम मिळावं, एवढाच तिचा हेतू होता. दुकानाच्या पानावर त्याने 'इथे क्रिप्टो चालतं' अशी एक सोनेरी खूण चिकटवली आणि त्या दिवशी मी भविष्यकाळात आलो आहे, असं मला सांगण्यात आलं. मी नेहमीसारखे सहा पत्ते छापले.

भविष्यकाळातलं पहिलं गिऱ्हाईक दीड महिन्याने आलं. त्याने सतरा प्रश्न विचारले आणि सगळ्यात छोटी वही घेतली. पैसे निघाले होते, पण पोहोचत नव्हते.

"आले का?" ताईने विचारलं.

"येतायत. पक्के व्हायला वेळ लागतो."

"चालत येतायत का?"

पुठ्ठ्यावरची खळ वाळली, वही बांधून झाली, तरी ते पैसे वाटेतच होते. पोहोचले तेव्हा त्यांची किंमत निघतानापेक्षा कमी झाली होती. धाकटा म्हणाला, हे तात्पुरतं आहे. वर्षभरात अशी अकरा गिऱ्हाइकं आली. त्यांच्याबद्दल तो दिवसभर बोलायचा. साधे पैसे देऊन गेलेल्या शेकडो लोकांबद्दल त्याच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नाही.

आता बारा शब्दांकडे येतो. ही नाणी मोबाइलमधल्या एका तिजोरीत राहतात. मोबाइल गेला तर तिजोरी उघडायला बारा शब्द लागतात. ते मोबाइलमध्ये ठेवू नका, कागदावर उतरवून जपा, अशी सूचना तिथेच ठळक अक्षरांत होती. धाकट्याने ती मोठ्याने वाचली. वहीत लिहायचं नाही, हा घरचा नियम. हाताने लिहावं तर त्याचं अक्षर त्यालाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. तेव्हा त्याने ते शब्द माझ्याकडे पाठवले. छत्री, बदक, शिडी, असले काहीतरी बारा शब्द. मी छापले. पत्ता असो की तिजोरीची किल्ली, मला दोन्ही सारखंच.

ते लेबल त्याने कपाटाच्या वरच्या दाराला आतून लावलं. त्या दारामागे फक्त त्याच्या वस्तू असायच्या. मग पारदर्शक चिकटपट्टी घेतली आणि अक्षरांवरून एक, दोन, तीन थर दाबून बसवले.

"आता शंभर वर्षं धक्का लागणार नाही," तो म्हणाला.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. चिकटपट्टीचा गोंद माझी अक्षरं खातो. पार्सल बांधणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. ताई तर पट्टी लावताना अक्षरांपासून बोटभर दूर ठेवते, दर वेळी, न चुकता. पण त्यासाठी पार्सल बांधावं लागतं.

पुढच्या महिन्यात एका कंपनीने जाड वह्यांची मोठी मागणी दिली, चाळीस नग, आणि पैसे क्रिप्टोत. धाकटा खोलीभर नाचला. ताईने आठ दिवस कडा कापल्या. सुरी ओढून ओढून तिचं उजवं मनगट सुजलं, इतकं की तिला पाण्याचा तांब्या उचलवेना. डॉक्टरीणबाईंनी मनगट दाबून पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, "कापायचं मशीन घ्या, नाहीतर हे काम सोडा. अजून वर्षभर असंच चाललं तर सुई धरता येणार नाही." त्या चाळीस वह्यांच्या नाण्यांत ते मशीन बसत होतं. एक जुनं, पक्कं मशीन ताईने बघूनही ठेवलं होतं.

"विकून टाक ती नाणी," ती म्हणाली.

"आत्ता? आत्ता विकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. थोडी चढू दे. दोन मशीनं येतील."

"मला एकच मनगट दुखतंय रे. एकच मशीन पुरे."

तो हसला. आईने दोरा ओवता ओवता मान हलवली, पण बाळाला कोण बोलणार? असे सात महिने गेले. ताई मनगटाला पट्टा बांधून कापत राहिली आणि तो रेघ बघत राहिला. या माणसाचा मला आलेला राग मी कधी लपवला नाही. त्याने काही छापायला दिलं की मी मुद्दाम कागद अडकवायचो.

त्याला घरात एकच काम दिलेलं होतं, खळ ढवळायचं. गॅसवर पातेलं, एका हातात लाकडी चमचा, दुसऱ्या हातात मोबाइल. एका सकाळी रेघ एकदम वर गेली आणि आनंदाने त्याने दोन्ही हात वर केले. चमचा जमिनीवर पडला आणि मोबाइल उकळत्या खळीत.

मोबाइल काढला, धुतला, पुसला. तो गेला तो गेलाच.

"घाबरायचं काही कारण नाही," धाकटा म्हणाला. "मी सगळी सोय केलेली आहे." ताईकडूनच पैसे घेऊन त्याने नवा मोबाइल आणला आणि मोठ्या ऐटीत कपाटाचं वरचं दार उघडलं.

तिथे एक पांढरं लेबल होतं. स्वच्छ, कोरं, तीन थर पट्टीखाली चकाकणारं. फक्त वरच्या टोकाला, जिथे पट्टी कमी पडली होती, तिथे तीन शब्द शिल्लक होते. छत्री, बदक, शिडी.

ताईने जवळ जाऊन त्यावरून बोट फिरवलं. "अक्षरांवर पट्टी मारलीस?"

"टिकावं म्हणून मारली."

"दोन वर्षं या घरात जेवतोयस. एक पार्सल बांधलं असतंस ना, तर कळलं असतं."

आई खिडकीपाशी बसूनच म्हणाली, "माझ्या गोळ्या तरी वहीत होत्या."

मग त्याने माझ्याकडे धाव घेतली. तोंड अगदी उतरलेलं. मला आदळलं, बंद केलं, चालू केलं, शेवटचं परत छापायची कळ दाबली. मी इमानदारीने शेवटचं छापलं. तो सकाळच्या गिऱ्हाइकाच्या घराचा पत्ता होता, तिसरा मजला, घंटा बिघडलेली आहे. मला एकच लेबल आठवतं, शेवटचं. तो जमिनीवर बसून शब्द आठवू लागला. "बेडूक होता का, ताई? की विहीर?"

ताई टेबलापाशी गेली. अर्धवट राहिलेली वही लोखंडी पट्टीखाली धरली आणि सुरी ओढली. मनगटाने दगा दिला. कड तिरकी गेली आणि सुरी पानांत घुसली. इतक्या वर्षांत मी तिची एकही वही वाया गेलेली पाहिली नव्हती. तिने त्या तिरक्या कडेवरून अंगठा फिरवला. मला फार वाईट वाटलं. माझ्या चटक्याची अक्षरं थोडी अधिक खोल असती तर, असं त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

मग तिने सुरी धाकट्यापुढे धरली.

"धर. मशीन येईपर्यंत मशीन तू."

"मी? मला जमणार नाही."

"मलाही पहिल्या दिवशी जमलं नव्हतं. ही फुकट गेलेली वही घे. हिच्यावर शीक."

आज त्याला चार महिने झाले. सोनेरी खूण दुकानाच्या पानावरून ताईने स्वतः काढून टाकली. धाकटा सकाळी आठला उभा राहतो आणि कडा कापतो. अजून तिरक्या जातात, पण कमी. त्याच्या मनगटालाही आता पट्टा आहे. ती नाणी तिजोरीत जशीच्या तशी आहेत. बाहेरून कोणालाही दिसतात, काढता कोणालाच येत नाहीत आणि किंमत मात्र रोज चढते आहे. तो ती चोरून बघतो, तेव्हा कड हमखास वाकडी जाते आणि ताई न बघता म्हणते, "बघितलंस ना परत?"

मित्रांनो, माझी उतारवयातली विनंती साधी आहे. आम्हा यंत्रांना आमच्या कुवतीबाहेरचं काम देऊ नका. अक्षरांवर चिकटपट्टी मारू नका. आणि घरात कोणाचं मनगट दुखत असेल तर ते आज दुखतं आहे, एवढं समजायला रेघ बघावी लागत नाही.

ती सुरी घुसलेली वही ताईने टाकली नाही. ती विकण्याजोगी नव्हती, म्हणून नियमातून सुटली. आता तिच्या पहिल्या पानावर आईच्या गोळ्यांच्या वेळा आहेत आणि दुसऱ्या पानावर मशीनसाठी बाजूला टाकलेले पैसे, शाईने लिहिलेले. धाकट्याच्या अक्षरात आहेत. सगळ्यांना वाचता येतात.