गेल्या सालची फांदी

सुरी फांदीला टेकवली आणि तेवढ्यात जिन्यातून बायकोची हाक आली.

“अहो, मास्तरीणबाई आल्यात! वर पाठवतेय हं!”

चष्मेवाल्यांचा हात जागीच थांबला. पाचला यायचं ठरलं होतं आणि अजून सव्वाचारही झाले नव्हते. पायाशी ओल्या वर्तमानपत्रावर दोन काड्या कापून ठेवलेल्या, तिसरी अर्धी कापलेली, आणि टाकीमागच्या पिंपातलं ते सात फुटी झाड लपायचं सोडून ऐटीत उभं. जिन्याला चोवीस पायऱ्या होत्या आणि बाईंचे गुडघे दुखरे होते. म्हणजे फार तर दोन मिनिटं. त्यांनी तिसरी काडी एका फटक्यात उतरवली.

कापावर पांढरा चीक लगेच गोळा झाला. थंडीत पानं झडून झाडाच्या नुसत्या काठ्या उरतात, तेव्हाही अंजीर चीक गाळायचं सोडत नाही. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तिन्ही काड्या पुसल्या, झाडावरचे तिन्ही काप पुसले आणि त्यांच्यावर कुंडीतल्या मातीचं बोट फिरवलं. झाडाला अडकवलेली पत्र्याची पट्टी तर कालच बदलून झाली होती. आता तिच्यावर ‘अनोळखी’ असं लिहिलेलं होतं. खरं म्हणजे त्या झाडाला त्यांच्याइतकं ओळखणारं आता कुणी उरलं नव्हतं.

चष्मेवाल्यांच्या गच्चीवर अंजिराच्या बावीस जाती होत्या. दिवसभर दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, काचा घासायच्या, आणि संध्याकाळी वर येऊन या पिंपांत जीव रमवायचा, असा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता. हे वेड लावलं शेजारच्या ड्रॉइंगमास्तरांनी. काडी पेन्सिलीएवढी जाड हवी, तिच्यावर कोंब फुटायचे चार डोळे हवेत, काप तिरपा हवा, आणि दुसऱ्याला काडी द्यायची तर फळ धरलेल्या फांदीचीच द्यायची, नुसत्या माजलेल्या फुटव्याची नाही, हे सगळं मास्तरांनी हात धरून शिकवलेलं. गावोगावच्या अंजीरवेड्यांशी ओळखी त्यांनीच करून दिल्या. ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या काड्या टपालानं यायच्या, जायच्या. या मंडळींत कुणी काडी विकत नसे. नियम एकच, आणि तो कुठे लिहिलेला नव्हता: काडी मागून घ्यावी, आणि जिथून घेतली तिथलं झाड पुढे मेलं तर न मागता परत द्यावी. जात टिकते ती अशीच.

मास्तरांनी सगळं दिलं, फक्त थेंब्या दिला नाही. बारकं, तपकिरी, दिसायला अगदीच गबाळं फळ, पण पिकलं की बुडाशी मधासारखा एक थेंब धरायचं, म्हणून त्याचं नाव थेंब्या. कुठल्याशा पाडायला काढलेल्या शाळेच्या आवारातून मास्तरांनी ते झाड वाचवून आणलं होतं आणि दुसरीकडे ते कुणीच पाहिलेलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी तीनदा मागितलं. तिन्ही वेळा मास्तर म्हणाले, “पुढच्या साली बघू. त्याच्या खोड्या अजून मलाच कळायच्यात.” मग चार वर्षांपूर्वी मास्तर आणि बाई आठवडाभर लेकीकडे गेले. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली विश्वासानं चष्मेवाल्यांकडे ठेवून गेले, आणि कुंपणानंच शेत खाल्लं. झाडाच्या मागच्या बाजूनं त्यांनी दोन काड्या कापल्या. त्यातली एक लागली.

गोष्ट इथेच थांबली असती तर चष्मेवाल्यांनी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. त्या बाबतीत माणसाचा हात सढळ असतो. पण दीड वर्षानं मास्तरांच्या झाडाला खोडकिडा लागला आणि महिन्याभरात ते वाळून गेलं. मास्तरांनी ओळखीच्या सगळ्यांना पत्रं टाकली, कुणाकडे थेंब्या आहे का. असणार कुठून? चष्मेवाले रोज रात्री ठरवायचे, उद्या सांगू, आणि रोज सकाळी दुकान उघडायचे. मग गेल्या उन्हाळ्यात मास्तर अंथरुणाला खिळले. चष्मेवाले भेटायला गेले, बाजारातली सफरचंदं घेऊन. मास्तरांनी पिशवीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “एखादा थेंब्या खायला मिळाला असता तर बरं वाटलं असतं रे.” त्या दिवशी टाकीमागे, पाखरांच्या भीतीनं बांधलेल्या कापडी पिशव्यांत, सात थेंबे पिकत होते. चष्मेवाल्यांनी ते एकेक करून, टाकीआड उभं राहून खाल्ले. बायकोलाही सांगितलं नाही. एक तर तिच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि दुसरं म्हणजे सांगायचं कुठल्या तोंडानं? पावसाळ्यात मास्तर गेले.

आता बाईंनी निरोप धाडला होता की अंगणातलं ते रिकामं पिंप बघवत नाही, कुठून थेंब्याची काडी मिळते का पाहा. नियमाप्रमाणे काडी परत जायलाच हवी होती. फक्त ती कुठल्या झाडाची, हे बाईंना कळता कामा नये. चोरी कळली की पुढचं सगळं ओघानं कळणार होतं. म्हणून चष्मेवाल्यांनी एक गोष्ट बेतून ठेवली होती: लांबच्या एका स्नेह्याकडून आजच पार्सल आलं. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

जिन्याच्या तोंडाशी आधी बाईंची धाप पोचली, मागून बाई.

“लवकरच आले हो मी. घरात बसवेना.” कठड्याला हात टेकून त्या उभ्या राहिल्या. “मिळालं म्हणे?”

“मिळालं, काकू. पण तुम्ही कशाला चढलात एवढं? मी आणून देणारच होतो.”

“तुमची बाग कधी बघितलीच नाही मी. हे यायचे, मी आपली खालून विचारायची, चहा टाकू का.”

आणि त्या निघाल्याच. पहिल्या पिंपापासून, एकेक पट्टी वाचत. हिरवट, काळं, लांब देठाचं, दोनदा धरणारं. काही नावं वाचून त्या मान डोलवत, कारण ती मास्तरांनीच ठेवलेली होती. चष्मेवाले त्यांच्या आणि टाकीच्या मध्ये राहायची कसरत करत होते. एकीकडून त्या पुढे सरकल्या की हे दुसरीकडून आडवे.

“इकडे बसा, काकू. उन्हाला बसा जरा.” त्यांनी बादली उपडी करून टाकीकडे पाठ होईल अशी ठेवली.

बाई बसल्या. चष्मेवाल्यांनी वर्तमानपत्रातल्या तिन्ही काड्या त्यांच्या हातात दिल्या.

“एक स्नेही आहेत, लांब असतात. त्यांच्याकडून आल्या. आज सकाळीच पार्सल आलं.”

बाईंनी काड्या घेतल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की चष्मेवाल्यांना बघवेना, म्हणून ते उगाच एका कुंडीतलं तण उपटायला लागले. बाईंनी काड्या या हातातून त्या हातात घेतल्या. मग त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, विलग केली, पुन्हा घासली. ताज्या चिकानं बोटं चिकटत होती.

“पार्सल अगदी गरमागरम आलेलं दिसतंय,” बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांच्या हातातलं तण हातातच राहिलं. बाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, वळल्या आणि टाकीमागे गेल्या. झाडावरच्या तिन्ही कापांवरचं मातीचं बोट ढकलून चीक पुन्हा वर आला होता. पट्टीकडे बाईंनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी खोडावर तळवा ठेवला.

“हाच का तो?”

आणखी एखादी थाप सुचली असती तर चष्मेवाल्यांनी मारलीही असती. सुचली नाही.

“हो,” ते म्हणाले. “चोरला मी, काकू. तुम्ही लेकीकडे गेला होतात तेव्हा. किल्ली माझ्याकडे होती.”

बाई हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग चांगल्या मोठ्यानं हसल्या.

“चोरून आणलेलं रोप जोमानं वाढतं म्हणतात, ते खोटं नाही बघा! अहो, आल्या दिवशीच कळलं होतं आम्हाला. दोन काप, कसे नेटके, तिरपे. हे म्हणाले, चोर आपल्याच वर्गातला आहे. काय हसलो होतो आम्ही!”

“मास्तर कधी बोलले नाहीत.”

“काय बोलणार? म्हणाले, चूक माझीच, तीनदा मागितल्यावर द्यायला हवी होती.”

चार वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणी असा हसत हसत उचलून बाजूला करील, असं चष्मेवाल्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांना एकदम हलकं वाटलं, इतकं की डोळे भरून आले. बाई पुन्हा बादलीवर येऊन बसल्या आणि बोलतच राहिल्या. किती दिवसांनी त्यांना मास्तरांविषयी बोलायला कुणी मिळालं होतं.

“आमचं झाड मेलं तेव्हा मी म्हटलं, अहो, विचारा की त्यांना. तर म्हणाले, विचारायचं नाही. त्याची काडी अजून कोवळी असेल. आणि फळ पाहिल्याशिवाय आपण जातीचं नाव घेत नाही, त्याला मीच शिकवलंय. धरलं की पहिलं फळ घेऊन तो आपल्या दारात उभा राहील बघ.”

चष्मेवाल्यांचं हसू ओठांवर तसंच राहिलं.

“शेवटी शेवटीही तेच. तुम्ही सफरचंदं घेऊन आला होतात ना? तुम्ही गेल्यावर म्हणाले, अजून धरलं नाही वाटतं त्याच्याकडे.” बाईंनी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांना लावला. दोनच महिन्यांपूर्वी चष्मेवाल्यांनी तो बनवून दिला होता. “आता धरेल हो. एवढं वाढलंय म्हटल्यावर येत्या उन्हाळ्यात नक्की धरेल.”

आणि त्यांनी वरची काडी उचलून उन्हात धरली.

पान झडलं की अंजिराच्या फांदीवर नालासारखा वण राहतो. फळ येऊन गेलेलं असलं तर त्या वणाच्या वर, डोळ्याशेजारी, आणखी एक बारका गोल वण असतो. नवख्या माणसाला तो दिसतसुद्धा नाही. पण बाईंनी तीस वर्षं मास्तरांच्या बरोबरीनं छाटणी केली होती. चष्मेवाल्यांनी चीक पुसला होता, पट्टी बदलली होती, पार्सलाची गोष्ट रचली होती, आणि काडी निवडताना मात्र हातानं शिकवल्याप्रमाणे केलं होतं. तिन्ही काड्या गेल्या सालच्या, फळ धरलेल्या फांदीच्या होत्या.

बाईंचा अंगठा काडीवरून वर सरकत गेला आणि थांबला. पुढच्या डोळ्यापाशी पुन्हा थांबला. त्याच्या पुढच्यापाशीही थांबला. मग त्यांनी दुसरी काडी घेतली. तिच्यावर तो एकदाच थांबला आणि पुढे गेलाच नाही. खालच्या घरात भांडी लावल्याचा आवाज येत होता. बाईंनी काड्या मांडीवर ठेवल्या आणि त्या काड्यांकडेच बघत राहिल्या.

“गळून गेली असतील,” त्या म्हणाल्या. “पहिल्या खेपेला पुष्कळदा गळतात.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या एवढंच सांगत होत्या की हो म्हणा. चष्मेवाल्यांना ते लख्ख कळलं. एक मान हलवायची होती. मान हलवली असती तर बाई उठल्या असत्या, खाली जाऊन चहा प्याल्या असत्या, येत्या उन्हाळ्यात पहिलं फळ त्यांच्या दारात गेलं असतं आणि सगळं पूर्वीसारखं चाललं असतं.

“नाही, काकू,” ते म्हणाले. “पिकली होती.”

बाईंनी चष्मा काढला.

“कधी?”

“मी सफरचंदं घेऊन आलो होतो, तेव्हा झाडावरच होती.”

बाईंनी वर्तमानपत्राची घडी उलगडली, काड्या सारख्या करून तिच्यात ठेवल्या, पुन्हा गुंडाळल्या. हात सावकाश चालले होते, पण एकदाही चुकले नाहीत. पुडकं पिशवीत सरकवून त्या उठल्या. चष्मेवाल्यांनी आधाराला हात पुढे केला. बाईंनी कठडा धरला.

“गोड होती?” त्यांनी विचारलं.

“हो.”

बाईंनी मान डोलावली आणि जिना उतरायला लागल्या. चष्मेवाले वरच उभे राहिले. मागोमाग जावं की जाऊ नये, हे त्यांना ठरवता येईना. खालून बायकोचा आवाज आला, नेहमीसारखा, मोकळा.

“मिळाला का हो, काकू, तुमचा थेंब्या?”

“मिळाला गं,” बाई म्हणाल्या. “जरा उशिरा मिळाला, एवढंच.”