माझ्या हातची काडतुसं

"तुझ्याच हातचं आहे हे, वहिनी," वेंडेल म्हणाला आणि त्याने रिव्हॉल्व्हर जेवणाच्या टेबलावर ठेवलं, नेमकं माझ्या बशीशेजारी. काडतुसांचं फिरतं चाक उघडं होतं, सगळी काडतुसं काढलेली होती, आणि नळीच्या मधोमध मी बसवलेली गोळी अडकून पडली होती.

वेंडेल माझा धाकटा दीर. शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस मावळत होता. डोंगरावरच्या आमच्या केबिनमध्ये तो, माझा मुलगा लायल आणि मी, असे तिघंच होतो. स्टोव्हवर डुकराचं मटण आणि आंबवलेला कोबी रटरटत होता.

"फुसका बार निघाला," वेंडेल म्हणाला. "हरणाचा नर, शिंगांना आठ टोकं, चाळीस पावलांवर, आडवा उभा. जुलैपासून डोळा होता माझा त्याच्यावर. चाप ओढला तर नुसतं फट्ट! त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि चालायला लागला. पळालासुद्धा नाही मेला."

लायलने भिंतीवरची कात्री काढली. आमच्याकडे नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कापतात आणि नाव घालून भिंतीला ठोकतात. तीन भिंती भरल्यात तशा चिंध्यांनी.

"काका, नियम म्हणजे नियम. वळा तिकडे."

"नेम कुठे चुकलाय माझा? काडतूस चुकलं!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. लायलने कात्री गुपचूप परत खिळ्याला अडकवली. ते नजर फिरवणं मला झोंबलं.

"अगं आई, होतं असं," लायल हळूच म्हणाला, आजाऱ्याशी बोलावं तसं. "वय झालं की हात थरथरतात. पुढच्या वर्षीपासून दुकानातली पेटी आणू. तू आता आराम कर."

आराम कर! छत्तीस वर्षं मी या डोंगरातून शाळेची बस हाकली, बर्फात, धुक्यात. मला आराम कर म्हणायची कुणाची टाप नव्हती. मर्ल, माझा नवरा, गेल्यापासून घरातली सगळी काडतुसं मीच भरते. वापरलेल्या पुंगळ्या धुवायच्या, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू तोलून घालायची, वर गोळी दाबायची. हे काम काढून घेतलं की पुढच्या साली केबिनमधली माझी जागाही जाणार आणि मला घरी पाय शेकत बसवणार, हे कळायला काय फार अक्कल लागते?

"पितळेची सळई दे," मी म्हटलं.

सळई नळीत घालून मी हातोडीने बेताने ठोकत गेले. गोळी खाली पडली. नळीतून दिव्याकडे पाहिलं. दारू जळल्याचा मागमूस नव्हता. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी ढकलली गेली होती. म्हणजे पुंगळीत दारूच नव्हती. म्हणजे चूक माझी.

मग मी माझ्या थैलीतून छोटा तराजू काढला, वेंडेलची काडतुसांची पेटी ओढली आणि उरलेलं एकेक काडतूस ठोकून उघडलं. दारू तराजूत टाकायची, काटा बघायचा, पुढचं. मटण करपायला लागलं तेव्हा लायलने उठून ते उतरवलं. कुणी जेवलं नाही. प्रत्येक पुंगळीत दारू अचूक होती. चुकलं होतं ते एकच, आणि नेमकं तेच त्या नरापुढे आलं.

"बघ, बाकीची ठीक आहेत," लायल म्हणाला. "हात थोडा—"

"हाताचं नाव काढू नकोस!" मी ओरडले. "हात धड आहेत माझे. काय झालं ते मला आठवतंय. पुंगळ्या भोकांच्या लाकडी पाटीवर ओळीने लावून दारू घालत होते. खिडकीतून बघते तर तो बिळं खणणारा जाडा ग्राउंडहॉग, तुझ्या गवताच्या शेतात, ढुंगणावर बसलेला. ज्याच्या बिळात तुझ्या कालवडीचा पाय मोडला तोच. ओळ अर्धी टाकली, रिव्हॉल्व्हर उचललं आणि गेले."

"मग?" वेंडेलने विचारलं.

"मग काय? लोळवला त्याला. खुशीत परत आले आणि एक पुंगळी सोडून पुढे सुरू केलं. ओळ मोडली की सगळं ओतून पहिल्यापासून घालायचं, हे मर्लला मीच शिकवलेलं. गोळ्या दाबायच्या आधी टॉर्च घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकवायचं, तेही केलं नाही. म्हटलं, उजेड आहे की भरपूर. हे म्हातारपण नाही, माज आहे. तिशीत असते तरी त्या ग्राउंडहॉगमागे धावलेच असते."

वेंडेल हसला नाही. "मी घाईने दुसरा बार काढला असता तर, वहिनी..."

"नळी फुटली असती. तुझं तोंडही. मला माहीत आहे." आवाज मी खाली येऊ दिला नाही. "म्हणूनच म्हणते, आण ती कात्री. माझा शर्ट काप."

"आई, काहीतरीच काय!"

"का? तुझ्या बापाने हे केलं असतं तर तुम्ही त्याचा कापला असता की नाही? त्याला कुणी आराम कर म्हटलं असतं?"

मी उठले, शर्ट पँटीतून ओढून बाहेर काढला आणि वेंडेलकडे पाठ केली. मग कात्री चालली. त्याने चांगला हातभर तुकडा कापला, हात राखून कापला नाही, आणि त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. शाईने माझं नाव लिहिलं, ऑर्फा राउश, आणि दाराजवळ ठोकला.

"झालं. आता बसा इथे," मी म्हटलं.

मी थैलीतून गोळ्या हाताने दाबायचं यंत्र काढलं आणि बारा काडतुसं भरायला घेतली. गोळी बसवायच्या आधी पाटी आणि टॉर्च लायलपुढे सरकवली. "बघ." त्याने बाराही पुंगळ्यांत डोकावून पाहिलं.

"सगळ्यांत आहे, आई. सारखीच आहे."

"वेंडेल, तूही ये."

वेंडेल स्टोव्हपाशी बूट वाळवत होता. "दमलोय गं," तो म्हणाला आणि आला नाही. मी गोळ्या दाबल्या. सहा माझ्या पट्ट्यात घातली आणि सहा त्याच्या कॉफीच्या मगाशेजारी उभी करून ठेवली.

सकाळी उठले तेव्हा वेंडेल निघून गेला होता. त्याचा कॉफीचा मग धुऊन पालथा घातलेला होता. सहाच्या सहा काडतुसं तिथेच उभी होती आणि दुकानातल्या काडतुसांच्या पेटीचं फाडलेलं झाकण स्टोव्हजवळच्या टोपलीत पडलं होतं.

"थोडा वेळ दे त्याला," लायल म्हणाला. "घाबरलाय तो."

"घाबरू दे. त्याच्या जागी मीही घाबरले असते. पण मी डोंगर उतरून घरी जाणार नाही."

ती सहा मी उचलली, माझ्या रिव्हॉल्व्हरच्या चाकात घातली, कोटावर शिकारीचं नारिंगी जाकीट चढवलं आणि बाहेर पडले. उजाडलं होतं, गवतावर कडक दव गोठलं होतं. माझ्या जागेची पायवाट वेंडेलच्या मचाणाखालून जाते. तो वर बसलेला दिसला. तिथे पोचले तशी मी कोट आणि जाकीट मागून कमरेच्या वर ओढून पट्ट्यात खोचलं. कापलेला शर्ट नीट दिसू दे त्याला. उघड्या कमरेला वारा झोंबत होता. मी मान वर केली नाही, पाऊलही उचललं नाही भराभर, होती त्याच चालीने चढत राहिले.