बोर्ड होईपर्यंत

लोधीपुऱ्यात नंदकुमार वकिलाच्या ऑफिसात धडधाकट माणूस क्वचितच येतो. येतात ते कुबड्या, पट्ट्या, प्लास्टर घेऊन. गाडीनं उडवलं की त्याच्याकडे जायचं, कारण तो अपघाताची भरपाई मिळवून देणारा, क्लेमवाला वकील.

बाप पॉवरलूमवर राबायचा. पोरगा शिकून वकील झाला तेव्हा अंगावर काळा कोट होता, पक्षकार एकही नव्हता. मग मुरलेल्या शालिग्राम वकिलांनी त्याला हाताखाली घेतलं आणि दवाखान्याच्या दारात उभं केलं. रडणाऱ्यांपैकी कोणाच्या खांद्यावर हात ठेवायचा, कोणाला चहा पाजायचा, वकालतनाम्यावर सही कधी मागायची, हे तो तिथं शिकला. आणि एक गोष्ट शालिग्राम कानात सांगायचे, "मेडिकल बोर्डाचे डॉक्टर सांधा वाकवून बघतात. जितका कमी वाकेल तितके अपंगत्वाचे टक्के जास्त. टक्के वाढले की क्लेम वाढला. समजलं?"

समजलं. फार लवकर समजलं.

त्या दुपारी तुकईथडची रंजिता आली. उजवा पाय काठीसारखा ताठ, कमरेतून फेकत चालणारी. कॉलेजात जायच्या वयात तिला पिकअपनं ठोकलं होतं. तिचा क्लेम हा नंदकुमारचा पहिला मोठा क्लेम. त्याच्यावरच हे ऑफिस उभं राहिलं. सोबत तिच्या मामाचा पोरगा कौतिक. केळीच्या कटाईवर जाणारा. असीरगढच्या रस्त्यावर ट्रॅक्टरनं पाडलेला, कोपराचं प्लास्टर नुकतंच निघालेलं.

"साहेब, याचं माह्यासारखंच करून द्या," रंजिता म्हणाली. "मी याले बसमधीच सांगून ठेवलं. डॉक्टर तर बोलतेच, हात हालव, कसरत कर. ऐकायचं नाही. बोर्ड होईपर्यंत हात असाच ठेवायचा."

"आपल्याले तर बरंच झालं," कौतिक हसला. "हालवला की जीव जाते."

"पाहा. आळशाले बहाणा भेटला."

नंदकुमार हसला नाही. हे शब्द त्याचेच होते, तेव्हा रंजिताला सांगितलेले. बोर्डाची तारीख तेव्हा पुढं पुढं सरकत गेली आणि पोरीचा गुडघा आखडत गेला. टक्के भरपूर मिळाले, पेढे वाटले. नंतर ती कसरतीला गेली तर डॉक्टरांनी हात वर केले. पाय पिकअपनं मोडला होता. गुडघा नंदकुमारच्या सल्ल्यानं खाल्ला. ती मात्र दर दिवाळीला फराळ आणून देते.

आता गप्प बसलं तर कौतिकचा हात जाईल आणि कोणाला काही कळणार नाही. बोललं तर रंजिताला कळेल.

"कौतिक, आजपासून कसरत कर," तो म्हणाला. "डॉक्टर सांगतील तशी, रोज."

"अन् बोर्ड?"

"बोर्ड गेलं खड्ड्यात. टक्के कमी आले तर येऊ दे. असाच ठेवलास तर हात कायमचा आखडेल."

कौतिकनं बहिणीकडे पाहिलं. "ताई, तू तर म्हणत होती..."

रंजिताचा हात आपल्या गुडघ्यावर गेला. "साहेब, माह्या डॉक्टरनंबी हेच सांगलं होतं."

"हो."

"मंग?"



रंजितानं कौतिकचं मनगट धरलं आणि तिथंच त्याचा हात वाकवायला लागली. तो कळवळला.

"ताई, दुखते."

"दुखू दे. हालव म्हणते ना."

कोपर जरासं वाकलं. मग ती टेबलाचा कोपरा धरून उठायला लागली. पाय आडवा येत होता. नंदकुमार घाईनं उठला, जागा करून द्यायला टेबल मागं ओढू लागला.

"राहू द्या," त्याच्याकडे न बघता ती म्हणाली. "मले सवय आहे."