दादाकडचा कागद

रुग्णालयासाठीच्या प्रोग्राममध्ये, निरोप पाठवणाऱ्या फंक्शनच्या नावापुढचे ते दोन रिकामे कंस… तिनेच टाकले होते, सवयीने, आणि म्हणून सकाळपासून अठ्ठावीस पेशंटांना तपासणीची वेळ रद्द झाल्याचे निरोप गेले होते, कुणी काहीच रद्द केलेलं नसताना. फंक्शन म्हणजे लिहून ठेवलेलं एक काम. नुसतं नाव दिलं तर ते वस्तूसारखं दुसऱ्याच्या हाती जातं, तो वेळ आली की चालवतो — कंस दिले की तिथल्या तिथे चालून मोकळं होतं. तिने कंस खोडले. पण हाती दिलं की आपला ताबा सुटला, मग तो कधी चालवेल, कशासाठी… हे तिला पंधरा वर्षांच्या नोकरीत कधी मनापासून पटलं नव्हतं.

बाबांनी तो कागद दादाच्या हाती दिला होता. मला का नाही? आई गेली त्याच महिन्यात — ‘माझ्यावर वेळ आली तर नळ्या, यंत्रं लावू नका’, खाली सही. दादाने तो घडी करून इतका चटकन खिशात घातला की तिच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. आणि असं हाती दिलेलं फंक्शन, ते लिहिलं तेव्हा आजूबाजूला जे होतं ते बरोबर बांधून नेतं, पुढे तेच धरून चालतं. त्या कागदात आई नुकतीच गेलेली होती. परवा शेजाऱ्याला बुद्धिबळात हरवून तासभर फुशारकी मारणारे बाबा त्यात कुठे होते? आणि दादाला तर प्रत्येक काम हातावेगळं करायची घाई.

फोन वाजला. दादाच.

“बाबांना दवाखान्यात आणलंय. अचानक दम लागला, शुद्ध नाहीये. डॉक्टर विचारतायत, मशीन लावायचं का.”

“कागद दाखवलास?” स्वतःचा आवाज तिला पोलिसासारखा वाटला.

“नाही. खिशात आहे. दोन वर्षं रोज खिशात आहे गं. कपडे बदलताना आधी तो दुसऱ्या खिशात घालतो. मला नाही जमत हे. तू सांग. तू म्हणशील तसं करतो, छकुले.”

लावा — एवढंच म्हणायचं होतं. याच हक्कासाठी ती दोन वर्षं मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती… आणि आता शब्द ओठांवर आला तर तिला त्या शब्दाचाच संशय आला. हे बाबांसाठी, की माझ्यासाठी? “ऐकतेयस ना?” दादा विचारत होता. बाबांनी कागद आपल्याला का दिला नाही, हे आजवर ती रागाने विचारत आली होती. आज पहिल्यांदा तिला त्या प्रश्नाच्या उत्तराची भीती वाटली.