चौथं कडवं

…अंगठा जिथे टेकतो तेवढ्याच जागी स्पेसबार गुळगुळीत झालाय. बाकीच्या बटणांना अजून खरखर आहे, पण हा एवढासा तुकडा खिडकीतून आलेल्या उजेडात तेल लावल्यासारखा चकाकतोय — आणि दीपिका त्याच्याकडेच बघत होती, अंगठा जरासा वर उचलून, कारण दुसरं कडवं संपत आलं होतं. शेवटचा शब्द लोकांच्या तोंडात असतानाच पुढचं कडवं भिंतीवर यायला हवं. उशीर झाला की मंडळी तोंड उघडं ठेवून ताटकळते, घाई झाली की म्हाताऱ्यांची ओळ मध्येच तुटते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. माणसं श्वास कधी घेतात ते मागून, त्यांच्या पाठींवरून कळतं — साड्यांचे पदर, शर्टांच्या शिवणी, सगळं एकदम थोडं वर येतं, तेव्हा दाबायचं. तिने दाबलं. तिसरं कडवं आलं.

वादळात शीड फाटे, रिते दोन्ही हात,
अंधारल्या पाण्यावरी तुझी मज साथ…

चर्चच्या अगदी मागच्या भिंतीला लागून तिचं टेबल. त्यावर लॅपटॉप, खाली फरशीवर चिकटपट्टीने दाबलेली प्रोजेक्टरची वायर, आणि उजवीकडची खिडकी उघडली की वेंगुर्ल्याच्या बंदराकडून येणारा वारा. तिला ही जागा आवडायची. इथे बसलं की चर्चमध्ये असताही येतं आणि… काय म्हणावं? मंडळीत नसताही येतं. पुढच्या बाकांवर बसलं तर उभं राहावं लागलं असतं, ओठ तरी हलवावे लागले असते. इथे कुणी विचारत नाही. मी फक्त दाखवते. गायचं त्यांनी.

ती मसुऱ्याची, लाड आडनावाच्या घरातली. अप्पा तिथल्या शाळेत मास्तर आणि गावच्या भजनमंडळात पुढचे. विनीत वेंगुर्ल्याचा, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. मालवणात संगणकाच्या क्लासला ओळख झाली, आणि दोन्ही घरी जेवढं रडायचं तेवढं रडून झाल्यावर नोंदणी पद्धतीने लग्न झालं. तिने धर्म बदलला नाही, कुणी बदल म्हणालंही नाही. आतल्या खोलीत कपाटावर तिचा लहानसा गणपती आहे. सासूबाई, सुशीलाबाई, बाजारातून येताना मिरच्या-कोथिंबिरीबरोबर न विसरता वातींचं पुडकंही आणतात आणि काही न बोलता कपाटाशी ठेवून जातात. रविवारी मात्र तिघं मिळून चर्चला. ती एका वकिलाकडे मराठी टायपिंग करायची, म्हणून पाळकसाहेबांनीच तिला विचारलं होतं — गीतपुस्तकाची पानं सुटायला आली आहेत, नव्या मुलांकडे पुस्तकंच नाहीत, तुम्ही गीतं टाईप करून द्याल का, भिंतीवर दाखवू. तिने दिली. एकेक गीत, सगळी कडवी, ऱ्हस्वदीर्घासकट. बोटांनी. तोंड मिटून.

तोंड मिटून — कारण ते वाक्य.

लग्नाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, मसुऱ्याला, घरापुढच्या खळ्यात. अप्पा तुळशीपाशी उभे होते, पाठमोरे. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, काहीतरी बोलायचं म्हणून, आणि त्यांनी वळूनही न बघता म्हटलं होतं, “जा. पण तोंडातला बदलू नको.” एवढंच. मग ते पाण्याचा तांब्या उचलून आत गेले. आणि ती तिथेच, ओल्या वृंदावनाकडे बघत — तिच्या तोंडात काय होतं तेव्हा? आरत्या होत्या. अप्पांच्या शेजारी उभं राहून, त्यांच्या टाळाच्या ठेक्यात, अर्थ न कळता गिळलेल्या. एकेक शब्द लहानपणी भलताच ऐकलेला, आणि मोठेपणी बरोबर कळूनही तोंडात चुकीचाच राहिलेला. त्या कुणी पाठ करून घेतल्या नव्हत्या. कुणाच्या तरी शेजारी रोज उभं राहिलं की होतं पाठ. ते बदलायचं नाही. ठीक आहे अप्पा. नाही बदलणार. आणि मग सहा वर्षं, दर रविवारी, ती ओठ मिटून दुसऱ्यांसाठी शब्द भिंतीवर लावत आली. विनीतला वाटायचं, हिला सूर नाही म्हणून लाजते. तेही खरंच होतं, त्यामुळे तिने कधी काही सांगितलं नाही…

पदर वर आले. शिवणी वर आल्या. तिने दाबलं.

काही झालं नाही.

तिने पुन्हा दाबलं. भिंतीवर तिसरं कडवंच. लॅपटॉपवर एक निळं वर्तुळ स्वतःभोवती फिरायला लागलं होतं, संथ, कुणाचीही वाट न बघता. पुढे विनीत कीबोर्डवर वाजवत होता, तो थांबला नाही. त्याला वाटलं, येईल आता. पण मंडळीचं काय? पोरं-पोरी पुन्हा ‘वादळात शीड फाटे’ म्हणायला लागली, कारण भिंतीवर तेच होतं, काही जण नुसतेच ‘अं…अं’ करत चाल धरून राहिले, कुणी हसलं. कुणीतरी मागे वळून तिच्याकडे बघितलं. आणि या सगळ्या गोंधळातून एक पातळ, चिरका, पण अजिबात न डगमगलेला आवाज वर आला —

काठ माझा तूच देवा, काठ नाही दूर…

सुशीलाबाई. तिसऱ्या बाकावर, डोळे मिटून. त्या भिंतीकडे कधी बघतच नसत. “भित्तीर बघून देवाक हाक मारतत!” असं घरी म्हणायच्या, दर रविवारी, भाकरी थापताना. त्यांची आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायची. तिथे बायकांच्या रांगेत, हाताला चीक लागू नये म्हणून राख चोळत चोळत, सुशीलाबाईंनी लहानपणी ही गीतं उचललेली. भिंतीवर काय आहे आणि काय नाही, याचा त्यांना पत्ताही नव्हता. त्या चौथ्या कडव्यात गेल्या होत्या, एकट्याच. आणि दीपिकाला एकदम बरं वाटलं, आता सगळे त्यांच्या मागून जातील —

आणि त्या अडल्या.

पहिली ओळ संपली आणि पुढचं काही येईना. चाल एक फेरा फिरून आली. पुन्हा आली. सुशीलाबाईंनी डोळे उघडले. दीपिकाला त्यांची पाठच दिसत होती, पण त्यांनी डोळे उघडले हे तिला मानेवरून कळलं — ती मान किंचित पुढे झाली, अंधारात पायरी चाचपावी तशी. मग त्या डावीकडे वळल्या. डावीकडे एक पोरगी भिंतीकडे बघत उभी होती. उजवीकडे वळल्या. तिकडेही सगळे भिंतीकडेच…

हाक माझी जाण्याआधी येतो तुझा सूर.

कुणीतरी म्हटलं. मोठ्याने, जरा बेसूर. आणि दीपिकाला आधी आपल्या छातीतली थरथर कळली, मग गळ्यातली, मग कळलं की तोंड आपलंच उघडं आहे. ती उभी होती. कधी उभी राहिली? पुढची ओळ तिने शोधली नाही. ती आधीच येऊन थांबली होती, तिच्या मागे तिसरी, तिच्या मागे चौथी, बाजारात ओळखीची माणसं एकामागोमाग भेटत जावीत तशी. सुशीलाबाई मागे न बघता तिच्या आवाजात मिसळल्या. मग आणखी एक म्हातारा. मग कुणाकुणाला आठवत गेलं. ज्यांना नाही आठवलं ते अर्धा शब्द मागे राहून म्हणत गेले, आणि पाचवं कडवं, सहावं कडवं, तिसऱ्या कडव्याच्या भिंतीकडे पाठ फिरवल्यासारखं सगळं चर्च… विनीत मान वळवून बघत होता. वाजवता वाजवता त्याची एक पट्टी चुकलीसुद्धा.

गीत संपलं. ती खाली बसली. निळं वर्तुळ अजून फिरतच होतं.

पाळकसाहेबांनी वचन काढलं, उपदेश सुरू झाला, आणि त्यातला एक शब्दही तिच्यापर्यंत आला नाही. काय केलं मी हे? बदललं का तोंडातलं? ती आत जाऊन बघत राहिली, कुठे काही पडलं-झडलंय का. मनातल्या मनात तिने आरतीचं एक कडवं म्हणून बघितलं. आलं. लहानपणचा चुकीचा शब्दही जिथल्या तिथे होता. सगळं होतं. नुसतं अजून काहीतरी शेजारी येऊन बसलं होतं. आणि वाईट वाटायला हवं होतं ते… तिने वाट बघितली, पण ते येईना. उलट खिडकीतून वारा आला तेव्हा तो चांगला वाटला, आणि समोरच्या बाकावरचं झोपलेलं बाळ चांगलं वाटलं.

बाहेर सगळ्यांबरोबर चहा झाला. घराकडे निघाल्यावर, विनीत स्कूटर काढायला मागे राहिला तेव्हा, चालता चालता सुशीलाबाई म्हणाल्या, “सुरात नव्हता हां.”

“माहीत आहे, आई.”

“शब्द मात्र बरोबर.” त्या थोडं चालल्या. “माका अडलाच गो. ह्या गीत माका कधी अडाक नव्हता.”

“होतं असं कधीकधी.”

“तसा नाय.” सुशीलाबाई थांबल्या. “पयली अडला तरी कोणाक कळायचा नाय. बाजूची म्हणायची, मी तिच्या मागसून म्हणायचंय. तिचा अडला तर माझ्या मागसून ती. माका वाटायचा, माका सगळा पाठ आसा.” मग पदराने मान पुसून त्या म्हणाल्या, “बाजूची आता ऱ्हवली खंय? चल, बांगडे काढून ठेवलंय, मांजर खाऊन टाकीत.”

पुढच्या रविवारी तू माझ्या बाजूला उभी राहा, असं त्या म्हणतील असं दीपिकाला क्षणभर वाटलं. त्या म्हणाल्या नाहीत. तिनेही विचारलं नाही. पण दोघी उरलेल्या वाटेवर जरा जवळून चालल्या, किंवा रस्ताच तिथे अरुंद होता.

दर रविवारी दुपारी जेवणाआधी ती अप्पांना फोन करायची. आज फोन हातात घेऊन ती बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. तऱ्हेतऱ्हेची वाक्यं तिने मनात रचली. मग आमटी उकळायला लागली, आणि घाईघाईत तिने नंबर लावला.

“जेवलंस?” अप्पांचा पहिला प्रश्न.

“अजून नाय. अप्पा, आज मी चर्चात गायलंय.”

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बारीक केला.

“गायलंस? तू?”

“होय.”

“सुरात?”

“नाय. आई म्हणाल्या, सुरात नव्हता.”

अप्पा हसले. बऱ्याच दिवसांनी असं, खोकला येईपर्यंत. “तुझ्या आवशीचो गळो तुका गावलो. मी काय करू त्येका?”

“अप्पा… तुमका राग नाय इलो?”

“कसलो राग?”

“तुम्हीच म्हटलात ना. लग्नाच्या आदल्या दिवशी.”

“काय म्हटलंय?”

“तोंडातला बदलू नको म्हणान. खळ्यात. तुळशीकडे.”

अप्पा आठवून बघत होते, खरंच, मनापासून. शाळेत एखाद्या पोराने अवघड गणित विचारलं की करायचे तसे. तिला ते फोनमधूनही दिसत होतं.

“असा म्हटलंय मी?” ते म्हणाले. “माका आठवणा नाय गो. त्या दिवशी माझा डोक्या थाऱ्यार नव्हता. म्हटलंयही आसान… तोंडातला म्हंजे काय?”

“तेच मी तुमका विचारतंय.”

“काय की. आता कसा सांगू?” मग जरा काळजीने, “तू ह्या मनात धरून बसलंलंस की काय?”

“नाय,” दीपिका म्हणाली. “नाय हो अप्पा. सहज.”

“हां. म्हावरा काय?”

“बांगडे.”

“तिरफळा घाल मगे. विसरू नको,” अप्पा म्हणाले, आणि फोन ठेवला.

ती तशीच उभी राहिली. बाहेरच्या खोलीत विनीत आणि सुशीलाबाई पंख्याखाली काहीतरी बोलत होते, ताटं मांडल्याचा आवाज आला. रडू येईल असं वाटलं होतं, मग हसू येईल असं वाटलं, आणि दोन्ही तिच्याजवळून निघून गेलं. सहा वर्षं. अप्पांना आठवत नव्हतं. म्हणजे तो सगळा संध्याकाळचा उजेड, ते पाठमोरं उभं राहणं, तो तांब्या — हे सगळं आता जगात एकट्या तिलाच पाठ होतं, बाजूला म्हणणारं कुणी नव्हतं. तिने ते वाक्य हळूच, ओट्यापाशी, अप्पांच्या आवाजात म्हणून बघितलं. ‘जा. पण तोंडातला बदलू नको.’ बरोबर वाटलं. पुन्हा म्हटलं. या वेळी जीभ एका जागी जराशी अडखळली. बदलू नको — की विसरू नको? का ते आत्ता तिरफळांचं ऐकलं म्हणून?… तिने चाल पकडावी तसं ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा धरलं, आणि त्या शब्दाशी आल्यावर दोन्ही शब्द सारखेच बरोबर वाटले.

बाहेरून सुशीलाबाईंनी हाक मारली. हो, आले, असं ती म्हणाली, पण लगेच गेली नाही. कुठला शब्द होता ते आता कधीच नक्की कळणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि एवढी मोठी गोष्ट अशी हातातून सुटलेली असताना आपल्याला भूक कशी लागली आहे, याचं तिला नवल वाटत राहिलं.